लिलावातला कोट

केनवडच्या अलीकडं ओढ्याच्या काठाला एक वस्ती आहे. तिथं एका हिवाळ्यात फटफटीवरून एक मिल्ट्रीवाला आला, गणपत मुकादमाच्या दारात उभ्या उभ्या मौतीचा सांगावा देऊन गेला आणि पुन्हा कोणाच्या नजरेस पडला नाही, असं तिथले म्हातारे अजून सांगतात. तो मिल्ट्रीवाला मी होतो. मी मिल्ट्रीत कधीच नव्हतो, आणि कोणाच्या मौतीचा सांगावाही मी नेला नव्हता. हे मी माझ्या बायकोला सांगितलेलं नाही. माय मरेपर्यंत तिला सांगितलं नाही, आणि तिच्यापासून माझं दुसरं काहीच लपलेलं नव्हतं. लोक मला अबोल म्हणतात. अबोल माणसाचं एक बरं असतं, तो काय बोलत नाही याची कोणी चौकशी करत नाही.

आज लिहायला बसलो याला कारण माझा पुतण्या संजू. परवा तो मोटारसायकलवरून घरी आला तो अंगात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं जाकीट घालून. पाठीवर सैन्याचं चिन्ह, खांद्यावर पट्ट्या, हातात बोटं कापलेले मोजे. अकोल्याच्या बाजारातून घेतलं म्हणाला. माझ्या तोंडून एकदम निघालं, "काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ." तो हसला. "काका, फॅशन हाये. सारे पोट्टे घालून राह्यले. याच्यात काय एवढं?" मी पुन्हा ओरडलो तेव्हा बायको सैपाकघरातून बाहेर आली, संजूचा चेहरा उतरला, आणि मी उठून बाहेर निघून गेलो. याच्यात काय एवढं, ते त्याला सांगायचं तर फार मागं जावं लागतं.

आमचा मळा अकोल्याकडच्या मालेगावच्या कडेला. आम्ही भाजीवाले. वांगी, कांदे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकड्या. माझी सकाळ मोटेच्या आवाजानं व्हायची. चाक कुरकुरायचं, नाडा ताणला जायचा, बैल धावेवरून खाली उतरताना बाबा त्यांच्याशी बोलत राहायचे, आणि मग मोट उलटली की थारोळ्यात पाण्याचा धबाका. तो ऐकू आला की माय चुलीवर तवा टाकायची. ज्वारीची भाकर, लसणाचा ठेचा, आणि थंडीत निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. त्या भरितात हिरवा कांदा आणि सांबार ती इतका घालायची की वांगं शोधावं लागायचं. माय बोलायला तिखट होती. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की म्हणायची, "बाप्पा, हे वांगं हाये, पोरगी नाई पाहून राह्यले तुमी. घ्या नाईतर सोडा."

पाण्याला आमच्याकडं तोटा नव्हता, पण पाण्याच्या रीती होत्या. निंदायला गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया यायच्या. त्यांना तहान लागली की त्या थारोळ्यापासून हातभर लांब बसायच्या आणि ओंजळ पुढं करायच्या. बाबा वरून ओतायचे. बाबांना लोक दयाळू म्हणत, कारण ते पोटभर ओतायचे आणि वर विचारायचे, "आणखी पाह्यजे का, बाई?" पण ओतायचे वरूनच. आणि त्यांच्या घरचं पाणी आपण प्यायचं नाही, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. उजव्या हातानं जेवायचं तरी कुठं कोणी शिकवल्याचं आठवतं?

दुसरी रीत मी मामाकडून शिकलो. मी लहान असताना एका दुपारी मानोऱ्याहून मामा आला आणि धावेपाशी उभा राहिला. माय हरखून गेली, हात धुऊन तांब्या भरून घेऊन आली. मामा म्हणाला, "पानी नको, आक्का. भाऊजीले बलाव." मायनं तांब्या खाली ठेवला आणि ती तिथंच, ओल्या मातीत बसली. आजी गेल्याचं मामा पुढं बाबांना बोलला, पण मायला ते आधीच कळलं होतं. मौतीचा सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरी बसत नाही, पाण्याला शिवत नाही, आणि घरच्या बायांना आधी सांगत नाही. आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. म्हणून मला माहीत नव्हतं, अशी पळवाट मला नाही.

सातवी झाल्यावर मला मळ्यात राबायचं नव्हतं. मालेगावात एक गुत्तेदार होता, सडका बांधायचा. त्यानं मिल्ट्रीच्या लिलावात एक फटफटी घेतली होती, खाकी रंगाची, लढाईतून उरलेली. तिच्याबरोबर एका पोत्यात चालवणाऱ्याचा सगळा पोशाख आला होता. जाड खाकी कोट, आतून लोकर, पितळेची बटणं आणि प्रत्येक बटणावर मिल्ट्रीचा छाप. खांद्यावर रंगीत कापडी पट्टी. कोपरापर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे. रबरी पट्ट्याचा मोठा चष्मा. आणि लोखंडी टोप, त्याच्यावर पांढऱ्या रंगानं काढलेले आकडे. गुत्तेदाराचा गुडघा अधू होता, त्याला फटफटी झेपेना. त्यानं मला चालवायला शिकवली आणि निरोप्या म्हणून ठेवून घेतलं. मुकादमांना बोलावणं, मुरुमाच्या गाड्या कुठं अडल्या ते पाहणं, अशी कामं. पोतं त्यानं माझ्यापुढं टाकलं. "घे, थंडीचं घालजो."

मी तो पोशाख थंडीसाठी घातला नाही, हे आता लिहून टाकतो. पहिल्या दिवशी बटणं राखेनं घासून लख्ख केली, अन् ऊन चांगलं वर आल्यावर, घाम येत असताना, कोट गळ्यापर्यंत लावून मोटार स्टँडवरून दोन चकरा मारल्या. तिथला पोलीस मला ओळखत नव्हता. त्यानं टाच जुळवून सलाम ठोकला. हॉटेलवाल्यानं खांद्यावरच्या फडक्यानं बाकडं पुसलं. त्याच बाकड्यावर मी आदल्या आठवड्यात वांग्याची टोपली टेकवली म्हणून त्यानं मला हाकललं होतं. सोबतचे पोट्टे मात्र ओळखून होते. "काय बे गुलाब, कोन्ती लढाई मारून आला?" "अरे, हा कांद्याच्या पलटनीचा हवालदार हाये, याले सलाम कर, नाईतर डोळ्यात पानी आनन." मी हसण्यावारी न्यायचो, पण मनातून ठरवायचो, जिथं कोणी ओळखत नाही अशा गावाला जावं.

मायला तो कोट आवडला नाही. तिनं तो उलटा केला, बगलेत आत एक रफू केलेली जागा होती तिथं बोट फिरवत राहिली. "कोन्या माउलीच्या लेकाचा हाये कोन जाने. अंगावरून उतरवला का मढ्यावरून? दुसऱ्याच्या जिवाचं कापड मिरवू नाई, गुलाब." मी म्हणालो, "माय, लिलावातला हाये." ती म्हणाली, "लिलावात मान भेटते का रे?" मी फटफटीला किक मारली. तिचं पुढचं बोलणं त्या आवाजात गेलं.

हुरड्याचे दिवस होते. गुत्तेदारानं मला गणपत मुकादमाकडं पाठवलं. मानोऱ्याच्या बाजूला सडकेचं मोठं काम निघालं होतं, गणपतच्या टोळीनं यावं म्हणून. निघताना बजावलं, "गणपतच्याच कानात सांगजो. बायापाशी बोलू नको, साऱ्या वस्तीत होते आन् दुसरे मुकादम टोळी फोडतेत." मी गणपतला कधी पाहिलं नव्हतं. त्याचा मुलगा मिल्ट्रीत आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

वस्तीच्या तोंडाशी लहान पोरं जमली. एक म्हातारा हातातली काठी टेकत पुढं आला. मी गणपतचं घर विचारलं तसा त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं, कोटाचा मान. त्यानं लिंबाखालचं घर दाखवलं आणि तो माझ्यामागं येऊ लागला. अंगणात एक बाई कापूस निवडत बसली होती, ती गणपतची बायको भागाबाई. भिंत सारवणारी तरणी बाई तिची सून, सुभद्रा. कोपरापर्यंत शेणामातीनं भरलेले हात, त्याच्या वर हिरव्या बांगड्या सरकवून ठेवलेल्या. फटफटी बंद केली तेव्हा एकाएकी फार शांत झालं.

भागाबाईनं पदर सावरला. "राम राम, साहेब. मिल्ट्रीतून आले का जी?"

मी "हो" म्हणालो.

या एका शब्दापाशी मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा येऊन थांबलो आहे की त्याचं मला आता काही वाटू नये. पण वाटतं. त्या बाईला फसवून मला काही मिळवायचं नव्हतं. सून हात धुता धुता माझ्याकडं पाहत होती, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं, आणि ते माझ्यासाठी आहे असं मला वाटलं. ते तिच्या नवऱ्यासाठी होतं.

भागाबाईनं बाज टाकली, वर गोधडी अंथरली. सुभद्रेनं घरातून पितळी तांब्या आणला. असा तांब्या पाहुण्यासाठी वेगळा ठेवलेला असतो. "बसा जी. पानी घ्या."

मी हातमोजा वर केला. "पानी नको."

"आत्ताच घासला जी तांब्या," सुभद्रा म्हणाली. अगदी हळू.

"नको म्हनलं ना." मग मला माझा आवाज मिल्ट्रीसारखा करावासा वाटला. गुत्तेदाराच्या ट्रकवाल्याकडून उचललेलं हिंदी मी काढलं. "गनपत को बुलाव. औरत लोग को नहीं बोलना है."

मी बसलो नाही. बाज त्यांची होती. पाणी घेतलं नाही, कारण तांब्या त्यांचा होता. माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. मामा धावेपाशी कसा उभा होता, ते मला त्या वेळी आठवलं नाही.

भागाबाई माझ्याकडं पाहत राहिली. चष्म्यातून मला तिचे डोळे दिसत होते, तिला माझे दिसत नसणार. ती सुनेला म्हणाली, "सुभद्रे, पानी मांगं ने." सून हलली नाही. मग भागाबाईनं दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि तिच्या पोटातून आवाज निघाला. शब्द नव्हता तो. नंतर शब्द झाला, "किसन, किसन." शेजारच्या बाया धावत आल्या. कोणी काही विचारलं नाही. त्यातल्या एका म्हातारीनं सुभद्रेचे दोन्ही हात धरले आणि दाराशेजारच्या जात्यावर आपटले. काचेचा आवाज काही मोठा नसतो.

बांगड्या फुटल्या तेव्हा मला कळलं. म्हणजे मी तिथं उभा असताना, सगळे तिथं असताना कळलं. मौतीचा सांगावा नव्हताच. सडकेचं काम निघालं आहे, एवढंच बोलायचं होतं. टोप काढायचा आणि म्हणायचं, मी मालेगावच्या भाजीवाल्याचा पोरगा, कोट लिलावातला आहे. मी तोंड उघडलं. शेताकडून माणसं पळत येताना दिसली, एकाच्या हातात कुऱ्हाड होती. तो लाकडं तोडत असणार. मला वाटलं, हे माझा कोट उतरवतील. मारतील असं नंतर वाटलं, आधी कोटच आठवला. मी फटफटीला किक मारली. ती पहिल्या किकेला कधी सुरू होत नसे. त्या दिवशी झाली.

गुत्तेदाराला मी सांगितलं, गणपत भेटला नाही, त्याच्या घरी मयत झाली आहे. त्या रात्री मायनं भरीत केलं होतं. मी घास तोंडात धरून बसलो. ती म्हणाली, "घशात अडकलं का? पानी पे." मी पाण्याकडं पाहिलं आणि ओट्यावर जाऊन ओकलो. मायनं माझी दृष्ट काढली. कोट मी पोत्यात भरून गुत्तेदाराच्या कोठडीत टाकून आलो. त्यानं विचारलं, "काहून बे, थंडी सरली का?" मी म्हणालो, हो. पुन्हा तेच. हो.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता आलं असतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सायकलवरून जाता येईल एवढी ती वस्ती जवळ होती. मी रोज ठरवायचो, आणि रोज तिथं काय काय उरकलं असेल याचा हिशेब करायचो. राख सावडायला मढं नव्हतं, तर त्यांनी काय केलं असेल? दहावा झाला असेल. आता सांगितलं तर लोक म्हणतील, काल का नाही बोलला. असं करत करत कालच वाढत गेला.

मग गुत्तेदारानं दुसऱ्या कोणाकडून निरोप धाडला आणि गणपत आपल्या टोळीसह कामावर आला. दहावा उरकल्यावर घराला कुलूप लावून दोघं नवराबायको सडकेवर आली होती. सुभद्रेला तिचा बाप घेऊन गेला होता. मी तिथं गिट्टीचे ढीग मोजायला होतो. टोप नाही, चष्मा नाही, मळकी टोपी आणि धोतर. भागाबाईनं पहिल्या दिवशी माझ्याकडं पाहिलं आणि मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, "गुलाबभाऊ, इकडची गिट्टी बारीक झाली का जी?" तिनं कोट पाहिला होता. माणूस पाहिलाच नव्हता.

त्या दिवसाचं सगळं मी गणपतच्या तोंडून ऐकलं. दुपारी बाभळीखाली भाकर खाताना तो बोलायचा, सावकाश, गिट्टी फोडावी तसा. दिवाळीपासून किसनचं पत्र नव्हतं. बर्फाच्या मुलखात ठाणं पडलं होतं. "पाटील म्हने, अर्ज लिहून देतो, कागद येऊ दे. पन मिल्ट्रीचा मानूस सोता येऊन गेला, मंग कागदाचं काय काम? माया बायकोनं तर तो काई बोलाच्या आंधीच वळखलं." मी विचारलं, कसं? मी विचारायला नको होतं. गणपत म्हणाला, "त्यानं पानी घेतलं नाई ना, भाऊ. आता आमच्या घरचं पानी कोनी घेत नाई ते आमाले मालूम हाये. तुमच्यासारखा कोनी आला असता आन् नाई पेला असता तर तिले काई वाटलं नसतं. पन किसन सुट्टीवर आला का सांगे, माय, पलटनीत सारे एका नळाचं पानी पेतेत. एका ताटात जेवतेत. तिथं कोनी कोनाले इचारत नाई. मंग मिल्ट्रीचा मानूस पानी नाई घेत, तर दुसरं काय असन?"

तो भाकर मोडत होता. माझी भाकर हातात तशीच राहिली. हे एवढं मला तोवर कळलं नव्हतं. मी लिलावातला कोट घातला नसता, नुसताच वांगी विकणारा पोरगा म्हणून गेलो असतो आणि नेहमीसारखा विटाळ पाळला असता, तर त्या बाईनं निमूट तांब्या आत नेला असता. तिला त्याची सवय होती. तिनं मला मिल्ट्रीचा मानलं, म्हणून माझ्याबद्दल चांगला विचार केला. तिला वाटलं, हा माणूस तसल्या कारणानं पाणी नाकारणार नाही.

एकदा भागाबाई स्वतःहून माझ्याकडं आली. "गुलाबभाऊ, तुमी गुत्तेदाराच्या कामानं गावोगाव फिरता. तो मिल्ट्रीवाला कोठी दिसला काय जी?"

"काहून, बाई?"

"काई नाई. त्याले एक इचाराचं राह्यलं. किसनच्या तोंडात पानी कोनं घातलं, एवढं."

मी म्हणालो, "नाई दिसला."

चैतात बातमी आली, सुभद्रेच्या बापानं तिचा पाट लावून दिला. मानोऱ्यापलीकडचा कोणी बिजवर, पदरी दोन लेकरं. गणपत म्हणाला, बरं झालं, पोरगी उघड्यावर नाही पडली. भागाबाईनं त्या दिवशी सगळ्यांपेक्षा जास्त गिट्टी फोडली. मी ढीग मोजला आणि काही बोललो नाही. तेव्हा बोललो असतो तरी उशीर झालेला होता, असं मी स्वतःला सांगितलं. पाट लागण्याच्या आधी मी काय सांगत होतो, ते आता आठवत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं पाणी भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर आंबा. ज्या घरचं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घरची घागर पहिली. त्या दिवशी काम बंद होतं, पण माणसं सडकेवरच्या पालांतच होती. भागाबाईनं आपल्या पालाच्या सावलीत किसनच्या नावाची घागर भरून ठेवली आणि ती मागच्या बाजूला चुलीपाशी गेली. मी गुत्तेदाराच्या तंबूपाशी होतो. उन्हात सडकेवरून एक माणूस येत होता, खांद्यावर पत्र्याची पेटी, अंगात खाकी. मालेगावला मोटारीतून उतरल्यावर त्याला कोणी सांगितलं होतं की गणपतची टोळी इकडं आहे, म्हणून तो घरी न जाता सरळ इकडं आला होता. पालापाशी पेटी उतरवली, इकडं तिकडं पाहिलं, आंबा बाजूला ठेवला आणि घागर दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली.

भागाबाई धूर चुकवत बाहेर आली. डोळे चुलीनं भरलेले. "अरे अरे, काहून उष्टी केली रे? ते माया किसनच्या नावची हाये!"

त्यानं घागर खाली घेतली. मिशीवरून पाणी गळत होतं. "मंग मीच पेलो ना, माय."

पुढचं मी लिहीत नाही. मला ते लिहायचा अधिकार नाही. पुष्कळ वेळानं, सगळी टोळी भोवती बसलेली असताना किसननं विचारलं, "सुभद्रा कोठी हाये? मी पत्र धाडलं होतं, आखाजीले येतो म्हनून." ते पत्र कुलूपबंद घराच्या उंबऱ्याआड पडलेलं होतं. शेवटी गणपतनं सांगितलं. मिल्ट्रीवाला, पाणी, जातं, पाट. किसन ऐकत होता, हातात तो आंबा फिरवत होता. त्याचा संताप होईल असं सगळ्यांना वाटलं. कोणी म्हणालं, चला, तिच्या गावाला जाऊ, पंच बसवू. तो म्हणाला, "नाई. तिचा काय गुन्हा? मेलेला उठून आला, तर तिनं दुसऱ्यांदा घर मोडावं का?" मग आंबा खाली ठेवून म्हणाला, "बा, तो पलटनीतला नोहता. पलटनीतला असता तर पानी पेला असता. तो इकडचाच कोनी होता. जातीनं मोठा."

मी पाण्याच्या पिंपापाशी उभा होतो. तिथून हललो नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं का, हे मला आजही सांगता येत नाही. सांज होताना तो तोंड धुवायला पिंपाकडं आला. मी तांब्या बुडवला. त्याच्या हातात द्यायचा होता, तसं मी ठरवलंही होतं. पण त्यानं सवयीनं खाली वाकून ओंजळ पुढं केली, एवढी वर्षं पलटणीत काढलेल्या माणसानं, आणि मी वरून ओतलं. ओंजळ भरली. तो म्हणाला, "बस, भाऊ."

सुट्टी संपायच्या आत तो निघून गेला. पुढं पुष्कळ वर्षं वस्तीवर आला नाही. भागाबाई आणि गणपत दोघंही गेली, सुभद्रा तिकडं नातवंडांत आहे असं कळतं. किसन पेन्शन घेऊन परतला आणि त्या लिंबाखालच्या घरात एकटा राहतो. मी दोनदा त्या ओढ्यापर्यंत जाऊन आलो आहे. दोन्ही वेळा कोणी विचारलं, कुठं निघाले, तर मी केनवडच्या बाजाराला, असं म्हणालो.

संजूचं जाकीट खुंटीला आहे. त्यानं ते माझ्या धाकानं काढलं, कारण त्याला समजलेलं नाही. हे वाचून झालं की समजेल.

त्या घरी जाऊन बाजेवर बसायचं, त्या घरच्या तांब्यातलं पाणी प्यायचं, आणि तो मी होतो हे किसनला त्याच्या तोंडावर सांगायचं, एवढं त्याचं देणं माझ्याकडं आहे. सुभद्रेचंही आहे. ते कशानं फिटेल, मला ठाऊक नाही.